थंडरबर्ड : ई-मेल पत्त्यांच्या घोटाळ्यांत कितपत उपयोगी?

मोझिलाच्या थंडरबर्ड या संगणकावरच्या मेल-प्रोग्रामविषयी लिहिताना बहुतेक जण त्याचे रूप, त्याचा वेग आणि तो फुकट मिळतो या तीन गोष्टींवर थांबतात. हे परीक्षण मुद्दाम एकाच कामापुरते ठेवले आहे, आणि ते काम म्हणजे पत्ता. पाठवणाऱ्याचा पत्ता, ज्याला पाठवायचे त्याचा पत्ता, आणि या दोहोंत काही बिनसले तर ते शोधून दुरुस्त करायला हा प्रोग्राम किती मदत करतो, एवढेच येथे पाहिले आहे. गृहनिर्माण सोसायटी, छोटी संस्था, प्रकाशन किंवा हिशेबनिसाचे कार्यालय यांचा पत्रव्यवहार सांभाळणाऱ्याचा वेळ खातात ते पत्त्यांचेच घोटाळे. मेल उघडायला दोन क्षण अधिक लागले म्हणून कोणाचे काम अडत नाही. वार्षिक सभेची सूचना मागच्या चिटणीसांच्या बंद पडलेल्या पत्त्यावर गेली तर मात्र अडते, आणि ते लक्षात येते तेव्हा बहुधा मुदत उलटून गेलेली असते.

मत आधीच नोंदवतो. या एका कामापुरते थंडरबर्डला पाचपैकी चार तारे द्यावेत असे मला वाटते. पत्त्यांविषयी हा प्रोग्राम जे काही लक्षात ठेवतो ते सगळे वापरणाऱ्याला उघडून पाहता येते, खोडता येते, दुसरीकडे नेता येते. पाचवा तारा जातो तो एवढ्यासाठी की, हे सगळे कुठे ठेवले आहे ते तो आपण होऊन सांगत नाही, आणि ज्याला ठाऊक नाही तो त्याच त्या चुकीच्या पत्त्याशी महिनोन् महिने झगडत राहतो.

थोडी पूर्वपीठिका आवश्यक आहे, कारण इंटरनेटवर मिळणारे उपाय वेगवेगळ्या काळातले असतात आणि त्यांतले अर्धे आता लागू पडत नाहीत. थंडरबर्डची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. २०१२ मध्ये मोझिलाने त्याच्या विकासातून बराचसा हात काढून घेतला, तेव्हा हा प्रोग्राम संपला असेच अनेकांनी गृहीत धरले होते. परंतु वापरणाऱ्यांच्या देणग्यांवर तो तगला आणि २०२० पासून मोझिला फाउंडेशनच्याच मालकीची एमझेडएलए टेक्नॉलॉजीज ही कंपनी त्याचे काम पाहते. २०२२ च्या १०२ व्या आवृत्तीत ॲड्रेस बुक पूर्ण नव्याने बांधले गेले, आणि २०२३ च्या ११५ व्या, 'सुपरनोव्हा' नावाच्या आवृत्तीत सगळी मांडणीच बदलली. त्यामुळे '.मॅब' शेवट असलेल्या फाइली खोडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो जुना समजावा. आता पत्ते एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेस-पद्धतीच्या फाइलींत असतात. पुढे जे लिहिले आहे ते ११५ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांना धरून आहे.

सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार अशी की, पत्त्याच्या चौकटीत नावाची दोन-तीन अक्षरे टाकली की प्रोग्राम जुना किंवा सरळ चुकीचा पत्ता पुढे करतो, आणि ॲड्रेस बुकात शोधावे तर तो तिथे नसतो. तो असतो, फक्त आपण भलत्या पुस्तकात पाहत असतो. थंडरबर्डमध्ये मुळातच दोन पुस्तके असतात. 'पर्सनल ॲड्रेस बुक' हे आपण हाताने भरायचे पुस्तक. दुसरे 'कलेक्टेड ॲड्रेसेस'. आपण ज्यांना मेल पाठवतो त्यांचे पत्ते यात न विचारता जमा होत राहतात. घाईत जीमेल डॉट कॉमऐवजी जीमेल डॉट कॉन असे टाइप करून मेल धाडला, तर तो पत्ताही तिथे इमानेइतबारे नोंदला जातो आणि पुढच्या वेळी खऱ्या पत्त्याच्या शेजारी बसून आपली वाट पाहतो. सूचना दोन्ही पुस्तकांतून एकत्र येतात आणि त्यांचा क्रम लावताना वापराची वारंवारता धरली जाते. प्रत्येक नोंदीसोबत एक आकडा असतो आणि मेल पाठवला की तो वाढतो. म्हणूनच वर्षानुवर्षे वापरलेला पण आता बंद झालेला पत्ता यादीच्या डोक्यावर राहतो आणि कालच मिळालेला नवा पत्ता तळाशी.

उपाय सोपा आहे, पण तो ॲड्रेस बुकाची खिडकी उघडूनच करावा लागतो. डावीकडच्या यादीतून 'ऑल ॲड्रेस बुक्स' निवडून नाव किंवा पत्ता शोधावा, म्हणजे तो कोणत्याही पुस्तकात असला तरी सापडतो; मग नोंद खोडावी किंवा दुरुस्त करावी. इतके करूनही तो पत्ता पुन्हा सुचवला जात असेल तर तीन शक्यता तपासाव्यात. एक म्हणजे तोच पत्ता दुसऱ्या एखाद्या व्यक्तीच्या कार्डावर दुय्यम पत्ता म्हणून नोंदलेला असतो. घरातल्या दोघांनी एकच ई-मेल वापरला असेल तर हे हमखास घडते. दुसरी शक्यता कार्यालयाच्या एलडॅप निर्देशिकेची, म्हणजे सर्व्हरवर ठेवलेल्या सामाईक पत्ता-यादीची. तिथली नोंद आपल्या हातात नसते, ती व्यवस्थापकानेच बदलायची. तिसरी आणि आजकाल वाढत चाललेली शक्यता म्हणजे कार्डडॅव्हने, म्हणजे पत्ते सर्व्हरमार्फत अनेक उपकरणांवर एकसारखे ठेवणाऱ्या पद्धतीने, जोडलेले पुस्तक : येथे खोडलेला पत्ता फोनवरूनही जातो, आणि फोनवर कोणी जुनी यादी पुन्हा भरली की तो संगणकावरही परत येतो.

पत्ते आपोआप जमा होऊ नयेत असे वाटत असेल तर सेटिंग्जमधल्या 'कंपोझिशन' या पानावर 'ॲड्रेसिंग' या मथळ्याखाली पत्ते आपोआप जमा करण्याची खूण काढता येते. माझ्या मते ती खूण काढून टाकू नये. जमा होणारे पत्ते तिथेच दुसऱ्या पुस्तकाकडे वळवता येतात; 'तपासायचे पत्ते' असे एक वेगळे पुस्तक तयार करून ते तिकडे वळवावेत आणि महिन्याकाठी त्यातले बरोबर पत्ते मुख्य पुस्तकात हलवून बाकीचे खोडावेत, ही पद्धत कार्यालयाला जास्त सोयीची पडते. जमा झालेला सगळाच पसारा नको असेल तर प्रोफाइल फोल्डर (थंडरबर्ड आपली माहिती ठेवतो तो फोल्डर) उघडून, आणि हे महत्त्वाचे, प्रोग्राम पूर्ण बंद करून, 'हिस्टरी' नावाच्या एसक्यूलाइट फाइलीचे नाव बदलावे. पुढच्या वेळी नवी, कोरी फाइल तयार होते आणि जुनी प्रत हाताशी राहते. हा फोल्डर 'हेल्प' मेनूतल्या 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' या पानावरून थेट उघडता येतो. इतकी उपयुक्त वाट इतक्या आडबाजूला ठेवण्याचे कारण मला उमगलेले नाही.

या बाबतीत आउटलुकशी तुलना करणे रास्त आहे, कारण बहुतेक लोक तिकडून येतात. आउटलुकमध्ये सुचवलेल्या नावासमोरच्या फुलीवर टिचकी मारली की ती सूचना जागच्या जागी नाहीशी होते. थंडरबर्डमध्ये त्यासाठी ॲड्रेस बुकापर्यंत जावे लागते. येथे आउटलुक सरस आहे. परंतु आउटलुकची सूचनांची यादी संपर्कांच्या यादीपेक्षा वेगळी असते आणि एक्सचेंज या मायक्रोसॉफ्टच्या मेल-सर्व्हरवर चालणाऱ्या कार्यालयांत तिच्यातल्या अंतर्गत नोंदी साध्या ई-मेल पत्त्याच्या रूपात नसतात, एका लांबलचक अंतर्गत ओळखीच्या रूपात असतात. सहकाऱ्याची मेलबॉक्स नव्या यंत्रणेवर नव्याने तयार झाली की ती जुनी ओळख निरर्थक होते. पडद्यावर नाव बरोबर दिसते, पत्ता बरोबर दिसतो, आणि मेल मात्र 'आयएमसीईएईएक्स' अशा अक्षरांनी सुरू होणारी एक अगम्य ओळ घेऊन परत येतो. त्यावर उपाय म्हणजे ती सूचना खोडून पत्ता नव्याने निवडणे, किंवा व्यवस्थापकाने जुनी ओळख नव्या मेलबॉक्सला 'एक्स-५००' (एक्सचेंजच्या अंतर्गत ओळखीच्या प्रकारचा) पत्ता म्हणून जोडणे. थंडरबर्ड जमा करतो तो निव्वळ ई-मेल पत्ता, त्यामुळे त्याच्या ॲड्रेस बुकातून हा संपूर्ण प्रकार उद्भवतच नाही. फुली नसण्याची कुरकुर मी त्यापुढे मागे घेतो.

आता पाठवणाऱ्याच्या पत्त्याकडे वळू. थंडरबर्डचा खरा मोठा गुण येथे दिसतो, आणि त्याचे नाव 'आयडेंटिटी'. एकाच मेलबॉक्समध्ये चिटणीसांचा, खजिनदारांचा आणि तक्रारींचा असे तीन पत्ते येऊन पडत असतील, तर तीन खाती उघडण्याची गरज नसते. अकाउंट सेटिंग्जमध्ये त्या खात्याच्या पानावर 'मॅनेज आयडेंटिटीज' असे बटण आहे. तिथे प्रत्येक पत्त्यासाठी वेगळे नाव, वेगळी सही, उत्तर कुठे यावे त्याचा वेगळा पत्ता आणि मेल बाहेर पाठवणारा वेगळा सर्व्हर ठरवता येतो. मेल लिहिताना 'फ्रॉम'च्या ओळीतून हवी ती ओळख निवडायची. एखाद्याच वेळी वेगळा पत्ता हवा असेल तर त्याच ओळीत 'कस्टमाइझ फ्रॉम ॲड्रेस' निवडून तो हाताने लिहिता येतो.

चुकीच्या पत्त्यावरून मेल गेल्याच्या तक्रारी येतात त्या प्रोग्रामचा नियम माहीत नसल्यामुळे. नवा मेल लिहायला घेतला की डावीकडे त्या क्षणी ज्या खात्याचा फोल्डर निवडलेला असेल त्या खात्याचा मुख्य पत्ता 'फ्रॉम'मध्ये येतो. उत्तर देताना मात्र मूळ मेल आपल्या कोणत्या पत्त्यावर आला ते पाहून त्याच्याशी जुळणारी ओळख निवडली जाते. आता समजा, तो मेल गुप्त प्रतीने आला किंवा दुसऱ्या खात्यावरून पुढे ढकलला जाऊन आला, तर 'टू'च्या ओळीत आपला पत्ता नसतोच. अशा वेळी प्रोग्रामला जुळवायला काही सापडत नाही आणि तो मुख्य पत्त्यावरून उत्तर लिहायला घेतो. खजिनदारांच्या पत्त्यावर आलेल्या बिलाला चिटणीसांच्या नावाने उत्तर जाते ते असे. यासाठी आयडेंटिटीच्या पानावर, मेलच्या पोहोच-नोंदींत (मेल कोणत्या पत्त्यावर पोहोचवला ते सांगणाऱ्या शीर्षभागातल्या ओळींत) अमुक पत्ता आढळला तर उत्तर याच ओळखीवरून द्यावे, अशी एक चौकट आहे. तिथे पत्ता लिहिता येतो, किंवा डोमेनपूर्वी (पत्त्यात 'ॲट'नंतर येणाऱ्या भागापूर्वी) तारांकन टाकून त्या डोमेनचे सगळे पत्ते एका ओळखीशी बांधता येतात. ही चौकट मला या प्रोग्रामातली सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत कामाची वाटते.

बाहेर पाठवणाऱ्या सर्व्हरची गोष्ट थोडी अधिक काळजीची आहे. थंडरबर्डमध्ये खाती एकीकडे आणि एसएमटीपी, म्हणजे मेल बाहेर पाठवणाऱ्या, सर्व्हरांची यादी दुसरीकडे, अकाउंट सेटिंग्जच्या अगदी तळाशी असते, आणि प्रत्येक आयडेंटिटी त्या यादीतला एक सर्व्हर वापरते. रचना तर्कशुद्ध आहे, पण नव्या माणसाला ती गोंधळात टाकते. संस्थेच्या डोमेनचा पत्ता 'फ्रॉम'मध्ये लिहिला आणि सर्व्हर मात्र स्वतःच्या जीमेल खात्याचा निवडलेला राहिला, तर जीमेल तो पत्ता बदलून आपल्या खात्याचा पत्ता घालते. तसे होऊ नये म्हणून संस्थेचा पत्ता आधी जीमेलच्याच सेटिंग्जमध्ये पडताळून घ्यावा लागतो. दुसरे काही सर्व्हर मेल सरळ नाकारतात आणि हा पत्ता तुमच्या मालकीचा नाही असे कळवतात. तिसरा प्रकार सर्वांत वाईट : सर्व्हर मेल निमूटपणे स्वीकारतो, समोरच्याकडे एसपीएफ आणि डीमार्क या (मेल त्या डोमेनच्या परवानगीनेच आला आहे ना हे पाहणाऱ्या) तपासण्यांत तो नापास होतो आणि स्पॅममध्ये जाऊन पडतो. गुगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी या तपासण्या बंधनकारक केल्यापासून याकडे काणाडोळा करण्याची सोय उरलेली नाही. यात थंडरबर्डचा दोष म्हणता येणार नाही. मात्र पत्ता आणि सर्व्हर यांचे डोमेन जुळत नसल्याची एक साधी सूचना तो देऊ शकला असता.

याच संदर्भात आणखी एक नेहमीची अडचण. संस्थेने डोमेन बदलले किंवा एखाद्याचे आडनाव बदलून पत्ता बदलला, तर लोक खात्याच्या पहिल्या पानावरचा ई-मेल पत्ता बदलतात आणि काम झाले असे समजतात. तो बदल फक्त 'फ्रॉम'मध्ये काय दिसावे यापुरता असतो. येणाऱ्या मेलच्या सर्व्हरवर प्रवेश करण्याचे नाव 'सर्व्हर सेटिंग्ज'मध्ये वेगळे असते आणि जाणाऱ्या मेलच्या सर्व्हरवरचे नाव त्या तळाच्या यादीत आणखी वेगळे. बहुतेक सेवांमध्ये ही दोन्ही नावे म्हणजे पूर्ण ई-मेल पत्ताच असतो. तिन्ही ठिकाणी बदल केल्याशिवाय गाडी सुरळीत चालत नाही, आणि मेल येतात पण जात नाहीत, किंवा जातात पण येत नाहीत, अशी अर्धवट अवस्था निर्माण होते.

मेल गेलाच नाही किंवा परत आला, तर पहिला प्रश्न असा विचारावा की कोणी नाकारला. पाठवण्याचे बटण दाबताच थंडरबर्डने चौकट दाखवली तर आपल्याच सर्व्हरने दारात अडवले आहे. त्या चौकटीत बहुधा आक्षेपार्ह पत्त्याचा उल्लेख असतो. पन्नास जणांच्या यादीतला एकच पत्ता सर्व्हरने असा नाकारला तर मेल उरलेल्या एकोणपन्नास जणांनाही जात नाही, हे ध्यानात ठेवावे. काही वेळाने 'मेलर-डीमन'च्या, म्हणजे मेल-सर्व्हरच्या स्वयंचलित यंत्रणेच्या, नावाने मेल परत आला तर आपल्या सर्व्हरने तो स्वीकारून पुढे पाठवला होता आणि अडचण पलीकडे आहे. अशा परत आलेल्या मेलमधला इंग्रजी मजकूर पाहून लोक घाबरतात आणि तो खोडून टाकतात. वास्तविक त्यातले तीन आकडे वाचले तरी पुरे. ५.१.१ म्हणजे त्या डोमेनवर या नावाचा कोणी नाही. नावाचे स्पेलिंग तपासावे. ५.१.२ म्हणजे डोमेनच सापडत नाही. 'ॲट'नंतरचा भाग तपासावा. ५.२.२ म्हणजे पत्ता बरोबर आहे पण पेटी भरली आहे, फोन करून कळवावे. ५.७ ने सुरू होणारे आकडे धोरणाचे किंवा परवानगीचे असतात, पत्त्याचे नव्हे. आणि पहिला आकडा ४ असेल तर काहीच करू नये, कारण सर्व्हर आपण होऊन पुन्हा प्रयत्न करतो.

मराठीत काम करणाऱ्यांच्या वाट्याला काही खास अडचणी येतात, आणि त्या कोणत्याही इंग्रजी मार्गदर्शिकेत सापडत नाहीत. इनस्क्रिप्ट कळफलक चालू असताना 'ॲट'चे चिन्ह टंकता येत नाही, कारण त्या कळीवर अर्धचंद्र असतो. ही चूक निदान लगेच दिसते. त्याहून फसवे असतात ते देवनागरी अंक. मजकूर मराठीत लिहून झाल्यावर पत्त्यातला आकडा तेवढा देवनागरीत उमटला, तर डोळ्यांना तो पत्ता बरोबरच वाटतो, परंतु सर्व्हरच्या दृष्टीने तो निराळाच पत्ता असतो. शब्दांच्या मध्ये न दिसणारी जोडणी-चिन्हे मराठी मजकुरात सर्रास असतात. रफाऐवजी अर्धा र हवा असताना ती टंकली जातात. एखाद्या मराठी पत्रिकेतून किंवा पीडीएफमधून पत्ता नक्कल करून चिकटवला की असे एखादे अदृश्य चिन्ह सोबत येऊ शकते. वर्डसारखा प्रोग्राम साध्या हायफनची जागा लांब रेघेला देतो, तीही अशीच. थंडरबर्ड पत्त्याची गोळी बनवतो, म्हणजे गोल कडांच्या छोट्या चौकटीत तो पत्ता बसवतो, आणि पत्त्याची ठेवणच बिघडलेली असेल तर ती गोळी लाल होते. ही सोय चांगली आहे, पण ती ठेवण पाहते, खरेखोटेपणा नाही. संशय आला तर पत्ता नक्कल न करता इंग्रजी कळफलकावर हाताने पुन्हा टंकावा. दहापैकी नऊ वेळा तेवढ्याने भागते.

आडनाव आधी लिहिण्याच्या आपल्या सवयीमुळे आणखी एक गंमत होते. 'कुलकर्णी, अनिल' असे नाव आणि पुढे कोनात पत्ता, अशी ओळ अवतरणचिन्हांशिवाय चिकटवली तर स्वल्पविराम हा दोन पत्त्यांमधला विभाजक मानला जाऊ शकतो, आणि 'कुलकर्णी' नावाची एक निराधार गोळी तयार होते. आउटलुकमधून नक्कल केलेल्या याद्या अर्धविरामाने तोडलेल्या असतात, तर मेलच्या प्रमाणभूत नियमांत स्वल्पविराम असतो. लांब यादी चिकटवल्यावर प्रत्येक पत्त्याची स्वतंत्र गोळी झाली आहे ना, एवढे नजरेखालून घालावे. पत्ता दुरुस्त करायचा असेल तर गोळीवर उजवी टिचकी मारून 'एडिट ॲड्रेस' निवडता येते. सगळे खोडून पुन्हा लिहिण्याची गरज नसते.

देवनागरी पत्त्यांविषयी कुतूहल असणाऱ्यांसाठी थोडेसे. 'डॉट भारत' हे देवनागरी डोमेन ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाले आणि 'ॲट'च्या आधीचा भागही देवनागरीत लिहिण्याचे तांत्रिक नियम त्याआधी, २०१२ मध्येच, ठरले होते. जीमेलनेही २०१४ पासून अशा पत्त्यांशी पत्रव्यवहार करण्याची सोय दिली. परंतु असा मेल पोहोचायचा तर वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरला 'एसएमटीपी-यूटीएफ-८' हा (रोमनेतर लिपीतले पत्ते स्वीकारण्याचा) विस्तार यावा लागतो, आणि आपला सेवादाताच तो देत नसेल तर थंडरबर्डमध्ये कितीही सेटिंग्ज बदलून उपयोग नाही. अशा पत्त्यावर पत्रव्यवहार करायचा असल्यास त्या व्यक्तीचा रोमन लिपीतला पर्यायी पत्ताही कार्डावर नोंदवून ठेवावा.

पत्त्यांच्या याद्यांच्या बाबतीत मात्र थंडरबर्ड कमी पडतो. यादी ही नेहमी एकाच पुस्तकाची असते. दुसऱ्या पुस्तकातली व्यक्ती तिच्यात ओढून टाकली की त्या व्यक्तीचे नवे कार्ड यादीच्या पुस्तकात तयार होते, आणि पुढे मूळ कार्डावर पत्ता बदलला तरी यादीत जुनाच राहतो. सभासदांना सूचना पाठवणाऱ्या संस्थेने म्हणून सभासदांचे सगळे पत्ते एकाच पुस्तकात ठेवावेत आणि याद्या त्याच पुस्तकात कराव्यात. तसे केले तर कार्डावरचा बदल यादीत आपोआप उतरतो. एक चांगली गोष्ट नोंदवायला हवी : 'टू' आणि 'सीसी' मिळून पंधरा किंवा अधिक जण झाले की, हे सगळे एकमेकांचे पत्ते पाहतील, गुप्त प्रत वापरावी का, अशी पट्टी मेलच्या खाली येते. सोसायटीतल्या सभासदांचे खासगी पत्ते उघड करण्याचा जो प्रकार सर्रास चालतो तो या एका पट्टीने बराच थांबू शकतो.

आलेल्या मेलमध्ये पत्ता दडवला जाण्याबद्दलही एक शब्द. ज्याचे कार्ड आपल्या पुस्तकात आहे त्याचे फक्त नाव दाखवण्याची थंडरबर्डची मूळ पद्धत आहे. पडदा नीटनेटका दिसतो हे खरे. परंतु एकाच व्यक्तीचे कार्यालयीन आणि घरगुती असे दोन पत्ते असतील तर मेल कोणत्या पत्त्यावरून आला ते कळत नाही आणि उत्तर भलतीकडे जाते. मेलच्या शीर्षभागाची मांडणी बदलण्याच्या चौकटीत पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता नेहमी दाखवावा, अशी खूण आहे. ती प्रत्येकाने करून टाकावी. बँकेच्या नावाने येणाऱ्या बनावट मेलपासून सावध राहण्यासाठीही हीच सवय उपयोगी पडते.

राहिला प्रश्न पत्ते आणण्या-नेण्याचा. एक्सेलमधली यादी थंडरबर्डमध्ये घेताना ती साध्या सीएसव्हीऐवजी (रकाने स्वल्पविरामांनी तोडलेल्या मजकूर-फाइलीऐवजी) 'सीएसव्ही यूटीएफ-८' या प्रकारात जतन करावी, नाहीतर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा येतात. आयात करताना कोणता रकाना नावाचा आणि कोणता पत्त्याचा हे जुळवून घेण्याचे पान येते. तिथे घाई केली की फोन क्रमांक पत्त्याच्या जागी जाऊन बसतात आणि सगळ्या गोळ्या लाल होतात. निर्यात करताना एका वेळी एकच पुस्तक बाहेर काढता येते, म्हणून 'कलेक्टेड ॲड्रेसेस' वेगळे निर्यात करायला विसरू नये. याद्याही सोबत न्यायच्या असतील तर सीएसव्ही किंवा व्हीकार्ड निवडून चालत नाही, कारण त्यांत सुटी कार्डे तेवढी जातात आणि कोण कोणत्या यादीत होते ही माहिती गळते. त्यासाठी एलडीआयएफ हा प्रकार निवडावा. त्यात याद्या त्यांच्या सभासदांसह टिकून राहतात.